कोटाचा डावा खिसा

बाबा,

तुमचा काळा कोट मी गेल्या रविवारी उलटा घातला. उलटा म्हणजे आतली बाजू बाहेर काढून. घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे. तुमच्या नातीने सांगितलं म्हणून घातला, आणि तिला तरी कुणी सांगितलं, तर मोबाईलमधल्या एका मुलीने. हे सगळं तुम्हाला पहिल्यापासून सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात मोबाईल नुकता आला होता आणि त्याच्यावर फक्त बोलता यायचं. तुम्ही तर इतके ओरडून बोलायचात, की तिसगावातला तुमचा आवाज इकडे केडगावात मोबाईलशिवायही ऐकू आला असता. आता त्यात चित्रं हलतात. एक मुलगी कपाटासमोर उभी राहते, चुटकी वाजवते आणि तिच्या अंगावरचे कपडे बदलतात. साडीवर शर्ट येतो, शर्टावर वडिलांचा टाय येतो, पुढच्या चुटकीला तोच टाय कमरेला पट्ट्यासारखा बांधलेला असतो. दुसऱ्या एक आजीबाई आहेत, केस पांढरेशुभ्र. त्या रोज एक मुद्दाम न जुळणारी वस्तू घालतात आणि आपल्याकडे बघून डोळा मारतात. मिनिटभराचा खेळ असतो. चुटकी वाजवताना मध्ये रेकॉर्डिंग बंद करून कपडे बदलतात, हे मला कळायला चांगला आठवडा गेला. तोवर मी भूगोल शिकवणारी बाई, तोंड उघडं टाकून जादू बघत बसले होते.

बाकीचे लोक म्हणे कपडे बघतात. मी शिवण बघते. खांदा उतरलाय का, बाही कुठे चढली, साडीखाली शर्ट खोचलाय तो फुगतोय का. तुमच्या मशीनशेजारी बसून वाढलेल्या माणसाची ही खोड जात नाही. पण बघता बघता मला प्रश्न पडायला लागले. न जुळणारी वस्तू शेवटी जुळल्यासारखी का वाटते? त्या आजीबाईंच्या हिरव्या मोज्यांकडे दोन दिवस हसत बघितल्यावर तिसऱ्या दिवशी मला ते हवेसे का वाटले? पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला असं नवीन कुतूहल लागावं याचंच मला नवल वाटतं. तुम्हाला विचारायची सोय असती तर तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "पोरी, कामं न्हाईत व्हय तुला?"

तुमचं दुकान मला अजून इंचाइंचाने दिसतं. रस्त्याला लागून पत्र्याची खोली, दोन मशीन, दाराशी लाकडी फळ्यांचं टेबल आणि त्याच्यावर निळ्या खडूची धूळ. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीत कापड घेऊन बाया येतात, तुम्ही मान वर न करता म्हणता, "ठिवा तिथं, माप घेतो." कपडा शिवून झाला की उरलेलं सगळं कापड, अगदी बोटभर तुकडासुद्धा, घडी करून त्याच्याबरोबर बांधून द्यायचं, हा तुमचा नेम. "कापड गिऱ्हाइकाचं, आपलं फक्त शिवणं," असं म्हणायचात. बाकी टेलर उरलं ते ठेवून घ्यायचे, म्हणून पाथर्डीपर्यंतचे लोक तुमच्याकडे यायचे. एखादी बाई म्हणायची, "ऱ्हाऊ द्या ओ, कुठं नेऊ चिंध्या," तेव्हा तो तुकडा खिळ्याला टांगलेल्या पिशवीत जायचा. त्या पिशवीतून आईची गोधडी निघायची आणि आपल्या घरच्यांच्या कपड्यांना आतून खिसे निघायचे. गिऱ्हाइकांच्या पँटचे खिसे आतून पांढरे, माझ्या भावांच्या पँटचे आतून गुलाबी, चौकटीचे, फुलाफुलांचे. शाळेत पोरं त्यांचे खिसे उलटे करून हसायची.

तुमच्या स्वतःच्या अंगावर मात्र आठवडाभर तोच पांढरा शर्ट आणि तीच खाकी पँट. रविवारी उपासनेला जाताना तेवढा काळा कोट. तो तुम्ही स्वतःसाठी शिवलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते, नाताळाच्या आदल्या दोन-चार दिवसांतच शिवलात. त्याला अस्तर फक्त अर्धं, पाठीपुरतं. चर्चमध्ये गायनाला उभे राहिलात की उजव्या हातात गीतांचं पुस्तक आणि डावा हात कायम कोटाच्या खिशात. आई कोपर मारायची, "हात भायेर काढा, पाळकसाहेब बघत्यात." तुम्ही काढायचा नाहीत. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुमचा डावा हात दिसत नाही. मला तेव्हा वाटायचं, आमच्या बाबांना एवढी एकच ऐट आहे, ती राहू द्यावी.

आता त्या कॉलरच्या दिवसाबद्दल लिहायला हवं. याच्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. त्याच नाताळाआधीची गोष्ट. दुकानात कपड्यांचे ढीग, आई स्वयंपाकघरात करंज्या लाटतेय, तुम्ही दोरे आणि बटणं आणायला पाथर्डीला गेलाय. माझा निळा फ्रॉक मागच्याच वर्षीचा होता आणि मला तो बघवत नव्हता. मी दुसऱ्या मशीनवर बसले आणि त्याला पिवळ्या कापडाची कॉलर लावली. छोट्या लाल छत्र्यांचं कापड होतं ते. कॉलर साधी नाही, खांद्यावरून खाली उतरणारी, वीतभर रुंद, आणि कडेने हिरव्या दोऱ्याचा साखळी टाका. शाळेत शिवणाच्या तासाला नुकताच शिकलेला. असली कॉलर मी कुठे बघितली नव्हती. डोक्यात आली आणि केली. घातली तेव्हा दुकानाच्या छोट्या आरशात मला माझे खांदेच दिसत होते, पण मी इतकी खूश होते की तशीच तुमची वाट बघत दाराशी उभी राहिले.

तुम्ही आलात. हातातली पिशवी खाली न ठेवता बराच वेळ कॉलरकडे बघत राहिलात. आत दोन गिऱ्हाइकं बसलेली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, "ह्यो काय इस्कोट केलाय? कॉलर हाय का टोपलं? काढ आत्ताच्या आत्ता." मी काढेना, तर तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसलात आणि माझ्या अंगावरच ब्लेडने टाके उसवायला लागलात. दोन्ही गिऱ्हाइकं हसली. "परत हे असलं करायचं न्हाई, कळलं का?" एवढंच. मी रडत आत पळाले. आई पिठाच्या हाताने माझे डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे गं, नाताळाची गडबड हाय, डोकं तापलंय त्यांचं. कुठलं कापड घेतलं हुतं?" मी म्हटलं, पिशवीतलं.

त्या दिवसानंतर मी कपड्यांच्या बाबतीत कधी धाडस केलं नाही. बिस्किटी साड्या, राखाडी साड्या, त्याच रंगाचे ब्लाउज. तुमच्या नातीला ही कॉलरची गोष्ट मी लहानपणापासून सांगत आले. कपड्यांतली माझी नजर वाईट आहे, माझ्या बाबांनी तेराव्या वर्षीच सांगितलं, असं म्हणून हसायचे. हसताना दर वेळी दुखायचं. तुमच्यावर रागही होता, बाबा, तो आज लिहून टाकते.

आणि गंमत बघा. तुमची नात पुण्याला कॉलेजात आहे, तीही असले व्हिडिओ करते. मागच्या वर्षी तिने माझी लग्नातली साडी धोतरासारखी नेसली, वर मुलांचा शर्ट, पायात खेळायचे बूट, आणि तशी उड्या मारत फिरली. मी त्याच्याखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "हा काय इस्कोट?" तिचा फोन आला. "मम्मी, घरी बोलायचं ना. लोकांसमोर कशाला?" मग महिनाभर तिने एकही व्हिडिओ टाकला नाही. त्या महिन्यात मला तुमचा आवाज माझ्या तोंडून ऐकू येत राहिला आणि माझी मलाच लाज वाटली. तिने पुन्हा सुरुवात केली तेव्हा भरपाई म्हणून मी तिचे व्हिडिओ बघायला लागले. तिचे संपले की दुसऱ्यांचे. हे माझं वेड तिथून लागलं.

बघून गप्प बसणाऱ्यांतली मी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आधी चॉकलेटी साडीवर पोपटी ब्लाउज घातला. स्टाफरूममध्ये मराठीच्या बाई म्हणाल्या, "आज सकाळी लाईट गेली होती का तुमच्याकडे?" सगळे हसले, मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी जांभळ्या साडीवर तोच ब्लाउज घालून गेले. मग एका पायात निळा मोजा, एका पायात लाल. साडीखाली कुणाला दिसत नाही, पण फळ्यावर नद्या काढताना मला ठाऊक असायचं आणि हसू यायचं. तुमच्या जावयांनी पेपरातून डोकं वर काढून "छान" म्हटलं आणि पुन्हा पेपरात घातलं, म्हणजे त्यांना काहीही दिसलेलं नव्हतं. एक दिवस आठवीतली एक मुलगी, ढवळपुरीकडून येणारी, वही तपासायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी मुद्दाम घालताय ना असं? मला लई आवडतं." तिच्या वेणीला दोन रंगांच्या रिबिनी होत्या, तेव्हा कुठे मला दिसल्या. मी एवढी वर्षं मुलींच्या रिबिनी एका रंगाच्या आहेत की नाहीत एवढंच बघत होते.

तर गेल्या रविवारचं. पोरगी घरी आली होती. त्या आजीबाईंनी नवा खेळ काढला होता, घरातला सगळ्यात गंभीर कपडा उलटा घालून दाखवा. पोरगी म्हणाली, "मम्मी, आपल्या घरातला सगळ्यात गंभीर कपडा कोणता?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आजोबांचा कोट. दुपारी जेवणं झाल्यावर मी पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला. कोट बाहेर काढला, झटकला, बाह्या उलट्या केल्या. पाठीला काळं अस्तर, पुढे तुमच्या हातचं कच्चं काम उघडं. उजव्या खिशाची पिशवी पांढरी, साध्या मांजरपाटाची. डावी पिवळी. लाल छत्र्यांची.

मी तो खिसा उजेडाला धरला. दोन तुकडे जोडून तो खिसा केला होता, आणि खालची गोलाई माझ्या कॉलरची होती, मी कशी विसरेन. कॉलर फ्रॉकपासून तुम्ही ब्लेडने उसवली होती, पण तिच्या कडेचा हिरवा साखळी टाका उसवला नव्हतात. वेडावाकडा, एक कडी मोठी एक बारीक, तसाच्या तसा खिशाच्या आत फिरवून घेतला होता. मी त्याच्यावर बोट फिरवलं. एका जागी दोरा झिजून लव आली होती. वीस वर्षं रविवारच्या रविवारी तुमचा डावा हात तिथे होता.

काय झालं ते पोरीला कळायला वेळ लागला नाही. तिला ती गोष्ट पाठच आहे. "मम्मी! ही ती कॉलर?" म्हणून तिने मला मिठी मारली आणि रडायला लागली. मीही रडले, खूप दिवसांनी इतकी. मग मी तो कोट तसाच उलटा अंगात घातला आणि आम्ही अंगणात गेलो. खिसे दोन्ही बाजूंना बाहेर लोंबताहेत, एक पांढरा, एक पिवळा. शेजारचे काका गाडी पुसत होते, म्हणाले, "मॅडम, कोट उलटा झालाय." माझ्या तोंडून पटकन आलं, "व्हय, मुद्दाम हाय." केडगावात वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिसगावचं बोलले असेन.

पोरीने व्हिडिओ काढला. चांगला झालाय. खाली काय लिहायचं तेही तिने ठरवलं: आजोबांनी आईची कॉलर लोकांसमोर उसवली आणि आयुष्यभर खिशात जपली. वाचून दाखवलं आणि विचारलं, "टाकू?" मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, "का? इतकं भारी आहे!" मी म्हटलं, थोडं थांब, विचार करू दे. ती जरा नाराज होऊन पुण्याला गेली. गेला आठवडाभर मी विचार करतेय आणि आज म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते कुठे टाकायचं नाही हे मलाही माहीत आहे. घडी करून त्याच खिशात ठेवावं म्हटलं, पण खिसा लहान आहे, एवढी पानं मावणार नाहीत.

मला थांबवलं ते तिसगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या आठवणीने. तुम्हाला आठवतातच. नाताळासाठी मॅक्सी शिवायला टाकली होती त्यांनी, पुण्याहून मुद्दाम आणलेलं कापड. माझी कॉलर उसवल्यावर तिसऱ्या दिवशी त्या न्यायला आल्या. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं, मी आतल्या दाराशी उभी. त्यांनी मॅक्सी अंगाला लावून बघितली आणि म्हणाल्या, "टेलर, खाली झालर सांगितली होती मी." तुम्ही म्हणालात, "बाई, चूक माझी हाय. बेतताना हुकलं." "हुकलं म्हणजे? कापड मोजून आणलं होतं मी. उरलेला तुकडा कुठाय?" तुम्ही मॅक्सी घडी करून बांधून दिलीत. "तुमचं नाव ऐकून आले होते," असं म्हणून त्या गेल्या. दुकानातले सगळे तुमच्याकडे बघत होते, आणि तुम्ही मान खाली घालून मशीन सुरू केलंत. बोटभर तुकडा परत देणारा माणूस. त्यानंतर दोन-तीन महिने पाथर्डीकडच्या बाया कमी आल्या. आई म्हणायची, कुणाची नजर लागली.

मॅक्सी पिवळी होती, बाबा. लाल छत्र्यांची.

माझ्या डोक्यात आठवडाभर हेच चाललंय. तुम्ही तो तुकडा का ठेवलात? लेकीची म्हणून, की कापड वाया घालवायचं नाही म्हणून? की तो पिशवीत टाकला असता तर कुणाला दिसला असता, आणि नर्सबाईंना परत द्यायचा तर त्याच्यावर माझा हिरवा टाका होता, म्हणून कोटाच्या आत, जिथे कुणी बघणार नाही तिथे? साखळी टाका उसवायला तुम्हाला दोन मिनिटं लागली असती. तो का ठेवलात? गुडघ्यावर बसून टाके उसवताना तुम्ही कॉलरला टोपलं म्हणालात, ते खरंच तसं वाटलं म्हणून, की गिऱ्हाइकांसमोर खरं कारण सांगायचं नव्हतं म्हणून? मला हे कधीच कळणार नाही, आणि तरी मी विचारत राहणार. आणि एक लहानसं विचारायचं राहिलं आहे. कॉलर दिसायला कशी होती? नुसती कॉलर म्हणून? मला अजून वाटतं, चांगली होती.

पोरीला मी उद्या फोन करणार आहे. व्हिडिओ टाक म्हणेन, पण खालची ओळ बदलायला सांगेन, आणि ती का बदलायची हेही सांगावं लागेल. चाळीस वर्षं सगळ्यांना सांगितलेल्या गोष्टीतला एक तुकडा मी कापून ठेवला होता. तो तिच्याआधी तुम्हाला सांगायला हवा होता, म्हणून हे सगळं लिहिलं.

ते कापड पिशवीतलं नव्हतं, बाबा. टेबलावर नर्सबाईंचं कापड घडी करून ठेवलेलं होतं, त्याला मी कात्री लावली.